केसालाही

ईगल ब्यूट, साउथ डकोटा. दुसऱ्या हिवाळ्यातली रात्रपाळी.
बाहेर उणे बावीस. पिकअपची इंजिनं चालूच ठेवून
लोक आत येऊन बसलेले.
वेस्ली, वय सहा, लोखंडी पायरीवर आपटलेला,
डोक्यात चार सेंटिमीटरची खोक.

मी नर्सला म्हटलं, रेझर.
एवढंच.
कोपऱ्यातली आजी उठली. व्हर्ना हाय एल्क.
ओरडली नाही.
पोराच्या वेणीवर तळहात ठेवून उभी राहिली,
दार अडवून उभं राहावं तशी.

मी समजावत गेले, मास्तरणीच्या सुरात:
टाके घालायचेत, परत वाढतील हो,
केसच तर आहेत.

आमच्याकडे मामाच्या मांडीवर जावळ काढतात,
बाळ रडतं, बायका हसतात, पेढे फिरतात.
कात्रीची मला तेवढीच गोष्ट आठवली.

तिची गोष्ट लोरेटानं सांगितली, पुष्कळ नंतर,
पार्किंगमध्ये, सिगारेट बुटाखाली विझवत.
सरकारी शाळा. रांग. स्टूल. डोक्यावर रॉकेल.
फरशीवर वेण्या, कुठली कुणाची कळू नये अशा.
त्यांच्यात केस कापतात ते घरात कुणी गेलं की.
पाच वर्षांच्या व्हर्नाला वाटलं, आई गेली.
नाही गेली, असं वसंतापर्यंत
कुणी सांगितलंच नाही.

आणि बाबा गेले तेव्हा
नदीवरून परतलेल्या दादाचं ते गुळगुळीत डोकं
मी पाहिलं होतं की.
मला कळायला हवं होतं.

त्या रात्री कळलं नव्हतं.
तिचा हात हलेना, आणि बाहेर अजून नऊ पोरं खोकत होती.
म्हणून फक्त, वैतागून,
जखमेच्या दोन्ही काठांचे केस घेतले,
एकमेकांत पीळ दिला, वर गोंदाचा थेंब.
असे पाच.
केसांनीच जखम मिटली.
आजीनं वाकून पाहिलं. हात काढला.
थँक्यू म्हणाली नाही. का म्हणावं?

सव्वीस वर्षं झाली.
फॉर्मवर 'कौटुंबिक इतिहास' असा रकाना आहे:
मधुमेह, दमा, फिट्स. खूण करा.
पहिल्या वर्षी मी सगळ्यांना सांगायचे, मीपण इंडियन!
कुणी हसायचं नाही.

परवा वेस्लीनं लेक आणली. रात्रभर रडली म्हणाला.
कानावरचे केस सारायला माझा हात गेला
आणि हवेतच थांबला.
विचारलं, चालेल?
नाही, ती म्हणाली, चार वर्षांची.
मग स्वतःच दोन्ही मुठींनी केस वर धरले.
बघ आता.

कान लाल होता. पडद्यामागे पाणी.