पुढचं की मागचं

पैसे एकाचेच आहेत,
हे रामहेतला आधीच सांगून टाकलं.
हजिऱ्यातल्या त्याच्या गॅरेजात जिप्सी वर टांगलेली,
चारी चाकं हवेत,
डॉक्टरांनी तपासायला झोपवलेल्या बाईसारखी
जराशी लाजलेली.

रामहेत एक चाक हातानं फिरवतो.
पलीकडचं उलटं फिरतं.
"देखो मॅडम, एक आगे, तो दूजा पीछे."
एकोणीस वर्षं बीहडात जमीन मोजतेय,
पण स्वतःच्या गाडीचं हे
कधी पाहिलं नव्हतं.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं,
आतल्याला कमी.
दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देणारा
मध्ये एक दातेरी गड्डा असतो, तेलात बुडालेला,
कुणाचीच बाजू न घेणारा.
चांगला आहे. पण भोळा.
एका चाकाखालची जमीन गेली, की
जे नुसतं हवेत गरगरतंय
त्यालाच सगळी ताकद देऊन बसतो.
मातीला धरून असलेलं
उपाशी उभं.

माघात आसन नदीच्या काठी असंच झालं.
भरक्याच्या तोंडाशी डावं मागचं चाक अधांतरी,
उजवं पुढचं भुसभुशीत मातीत.
मी ॲक्सिलरेटर दाबत होते
आणि गाडी ऐकल्यासारखं करत होती.
हेरंब खाली उतरून शेंगा सोलत बघत राहिला.
म्हणाला, पुढचं लॉक बसव.
नाक वर गेलं की बाकीची गाडी येतेच मागून.
लग्न ठरवतानाही तो
साधारण असंच काहीतरी म्हणाला होता.

रामहेतला हे मान्य नाही.
पुढचं लॉक केलं की स्टिअरिंग हट्टाला पेटतं,
दोन्ही चाकं म्हणतात, सरळच जायचं.
मनगटं भरून येतात.
वळवलेल्या चाकाला जोर दिला तर सांधा जातो,
खट्, एवढंच ऐकू येतं, आणि मग ट्रॅक्टर शोधा.
मागचं बरं. चढावर वजन मागेच येतं,
ज्याच्यावर भार, त्यांचीच जोडी बांधा.
पुढची मोकळी राहू द्या
वळायला,
चुकायला, चूक कळली तर सावरायला.

आणि उलट्या गिअरनं चढावं लागलं तर?
हेरंब विचारतो. तेव्हा भार पुढच्यांवर.
रामहेत बोटांचं ग्रीस पुसत राहतो.
हा प्रश्न त्याला आवडलेला नाही,
कारण तो बरोबर आहे.

मी बाकड्यावर बसून आठवते,
कुठे कुठे अडकले.
कुंवारीच्या खोऱ्यात दोनदा. सबलगडकडे एकदा, रात्री,
थिओडोलाइट मांडीवर घेऊन.
उतरताना कधीच नाही.
आत शिरणं मला नेहमी जमलं.
अडकले ती निघताना.

मागचं, म्हणाले.
हेरंब शेंगा संपल्यासारखं
रिकाम्या कागदाकडे बघत राहिला.

फाल्गुनात त्याच भरक्यात गेलो.
बटण दाबलं. टक्, मग फुस्स.
अधांतरी चाक आणि जमिनीवरचं चाक
एका चालीत फिरली, मनाविरुद्ध,
एकाच पाटावर वरवंटा धरलेल्या
दोन जावांसारखी.
गाडी वर आली. बस, एवढंच.
वर एक बकऱ्यावाला पोरगा उभा होता,
त्याला काही विशेष वाटलं नाही.
त्याच्या बकऱ्या केव्हाच चढल्या होत्या.

संध्याकाळी लष्करात,
दौलतगंजाच्या कोपऱ्यावर वळताना
टायर असे किंचाळले
की कचोरीवाल्यानं झारा वर धरून पाहिलं.
लॉक सोडायचं राहिलं होतं.
हेरंबनं काही न बोलता हात लांब करून
बटण दाबलं.

डॅशबोर्डवरची पट्टी दोन बटणांची आलीय.
दुसऱ्या भोकात त्यानं
शेंगेचं टरफल खोचून ठेवलंय.
मी ते काढत नाही.