वालाचा दाणा

पाणी वर चढलं की फेऱ्या थांबतात.
गाडी अक्षीच्या सुरूंत ओढून घेते
आणि बादली घेऊन
तांडेलच्या पोटाखाली बसते.

पाणी कोमट. मनगटावर ओतून पाहिलेलं,
बाळाच्या दुधासारखं.
साबण नाही. साबणानं तिथली कातडी चिडते,
मग आठवडाभर लाथा.

खरारा सगळे बघतात.
आयाळ विंचरताना पुण्याचे लोक फोटो काढतात,
खुरातली वाळू उकरताना त्यांची मुलं विचारतात, दुखतं का.
या कामाला कुणी थांबत नाही.
चहाच्या टपरीवरची पार्वताकाकी पदर तोंडाला लावते,
“पोरीच्या जातीनं...” म्हणते
आणि उरलेलं वाक्य किटलीत ओतते.

बाबा सांगायचे,
हात आधी खांद्यावर ठेव. मग बरगड्या. मग पोट.
वाटेवाटेनं जा, उडी मारू नको.
त्याचं हाय ना ते, इचारून घे.

म्यानात बोटं आंधळी होतात.
राखाडी, मेणचट, आंबूस काहीतरी हाती येतं,
वाळूचे कण, वर्षभराच्या फेऱ्यांचा गाळ,
आणि टोकाच्या खळगीत, चाचपत चाचपत,
तो खडा.
पोपटीतल्या वालाच्या दाण्याएवढा.
एवढ्याशापायी चार दिवस
तांडेल पाय फाकवून उभा होता,
धार दोन फाट्यांनी, मग नुसते थेंब,
आणि गाडीवाले म्हणत होते, माजलाय.

माघात बाबा अलिबागच्या सिव्हिलमध्ये होते.
नळी, पिशवी,
भिंतीकडे वळवलेलं तोंड.
वॉर्डबॉय जेवायला गेला होता.
मी पाणी मनगटावर ओतून पाहिलं,
हात खांद्यावर ठेवला.
“इचारलं नाय,” बाबा भिंतीला म्हणाले.
मग विचारलं.
बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली,
माशी नसताना तांडेल हलवतो तशी.

दाणा मी वाळूत टाकला.
एक कावळा उतरला, चोच लावली, नको म्हणाला.
हातमोजे पिळून दांडीवर घातले.
आणि मग तांडेलनं मागचे पाय ताणले,
जरासा पुढे झुकला,
सरळ, जाड, फेसाळ धार
सुरूच्या सुयांमध्ये खड्डा पाडत राहिली
कितीतरी वेळ.

टपरीवर काकीनं स्टोव्ह बारीक केला होता.
ऐकत होती.