उजवी बगल

बत्तीस पानी वही, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे.
आमच्या शिरोड्याच्या टीमनं आजवर
उजव्या बगलेला कोणाकोणाला उभं केलं
ते दाजी गिरपांनी शाईनं लिहून ठेवलंय.
आता सेक्रेटरी मी, म्हणून वही माझ्या घरी,
तांदळाच्या डब्यावर.

सत्त्याऐंशी साल. जयवंत कुबल. शेरा: वारा.
वाराच होता. बॉलला मागे टाकून पळायचा,
कॉर्नरच्या झेंड्यापाशी थांबून वळून बघायचा
बॉल कुठे राहिला.
अकरा सामने. गोलांच्या रकान्यात
दाजींनी शून्यसुद्धा काढलेलं नाही.

एकोणनव्वद. पास्कू आल्मेडा.
उंची आहे, उपयोगी पडेल.
पडला. वादळात मांडवाचा खांब धरून उभा राहिला
रात्रभर, एकटा.

ब्याण्णवच्या पानावर नाव नाही,
मिठागरावरच्या ओल्या हाताचा पांढरा ठसा आहे.
त्या वर्षी बगल रिकामीच ठेवून खेळलो,
आणि तेवढंच एक वर्ष सेमीफायनलला गेलो.

मग पंचाण्णव.
इनास फर्नांडिस, वय सतरा. छाती नाही. नको.
"नको"खाली दोन रेघा, दुसरी कागद फाडून गेलेली.
ती बहुतेक नंतर ओढली असावी,
इनास तेरेखोलची फेरी ओलांडून
पलीकडच्या टीमकडून खेळायला लागल्यावर,
मे महिन्यात आमच्याच मैदानावर
आम्हाला तीन गोल मारून गेल्यावर.
आमचा डावा बॅक बाबलो टेमकर
अजून त्याच जागी वळतोय, असं लोक सांगतात.

हेच दाजी पहाटे पाचला लिलावात
नुसता कल्ला उचलून सांगायचे,
ही सुरमई रात्रीची, ही कालची, ही बर्फातली.
चाळीस वर्षांत एकदाही फसले नाहीत.
शेवंतीकाकी टोपली भरता भरता म्हणायची,
"कल्लो उघडून मासो बघतास,
झील बघताना खंय जातत तुमचे डोळे?"
दाजी बिडी विझवायचे.
"मासो मेलेलो असता गे.
तेचो निकाल लागलेलो असता.
झील अजून पोहता."

दोन हजार एकच्या पानावर मी आहे.
शेरा: बघूया.
तीन मोसम खेळलो, एक दात गेला,
एक गोल झाला, तोही पाठीला लागून.
पुढे काही लिहिलेलं नाही. पान उलटताना
दर वेळी वाटतं, आज काहीतरी असेल.

आज ओहोटीला सहा पोरं पळवली, ओल्या वाळूत.
माझ्याकडे आता स्टॉपवॉच आहे,
सावंतवाडीच्या कोचनं दिलेला छापील तक्ता आहे,
वेग, उडी, दम, दहापैकी किती.
पाच पोरं सुसाट. सहावं सुस्त,
हातात चपला घेऊन पळणारं,
तक्त्यात त्याला चारसुद्धा देववेनात.

मग वाऱ्यानं बॉल उचलला,
रापणीच्या दोरांवरून पाण्याकडे नेला.
पाचही जण बॉलमागे धावले.
सहावं आधीच तिथे उभं होतं,
गुडघाभर पाण्यात, चपला डोक्यावर,
जिथे बॉल पडणार होता तिथे.
धावताना त्याला मी पाहिलं नाही. कधी गेलं कोण जाणे.

मी वही उघडली. पेन होतं खिशात.
छाती नाही, हे खरंच होतं.
तक्ता खोटा नव्हता.
वहीतल्या एकोणीस नावांपैकी सतरा चुकलेली,
आणि त्या चुका करणारा माणूस
माझ्यापेक्षा चांगलं बघायचा.

दाजींच्या पोरानं कधीतरी ठेवलेली पेन्सिल
वहीच्या शिवणीत अडकलेली सापडली.
नाव काय रे, मी ओरडलो.
त्यानं सांगितलं, दोनदा सांगितलं,
भरती लागली होती, ऐकू आलं नाही.