एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक

मार्केट यार्डात सौदे उरकले होते.
हमाल नळाखाली हात चोळून
बोटांमधला गूळ सोडवत होते,
आणि गाळ्याच्या मागच्या खोलीत पारिसाअण्णा चौगुले
संगणकाजवळ बसले होते
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे.
टोपी मांडीवर, चष्मा कपाळावर.

"काय बी उघडंना झालंय," म्हणाले.
"बँक न्हाई, जीएसटी न्हाई,
पोरीनं धाडलेलं बाळाचं फोटू न्हाईत.
निसती लाल ढाल येतीया
आणि म्हणतीया, अडवलं."

राऊटरचे दिवे बघितले. तिन्ही हिरवे.
काळ्या खिडकीतून एक हाक घातली,
पलीकडून चार वेळा ओ आली,
बारा मिलिसेकंद, चौदा, बारा, तेरा.
म्हणजे रस्ता चालू होता.
दार लागलं होतं, आणि आतून.

ढाल उघडली.
वेबरक्षण: कमाल. संशय: कमाल.
अनोळखी: अडवा.
ओळखीचे: तपासा, मग अडवा.
तिच्या शेजारी दुसरी ढाल, निळी,
भाच्याने फुकटातली बसवून दिलेली.
दोघी एकमेकींना चोर समजून
दिवसभर एकमेकींची झडती घेत होत्या.

"एवढं कशाला लावलंत अण्णा?"

ते गुळाच्या रव्यांकडे बघत राहिले.
"फोन आलता. लई गोड बोलत हुता.
अण्णा म्हणत हुता मला."
मग, "अठरा हजार चारशे."
गेलेल्या माणसाचं वय सांगावं
तसा आकडा सांगितला.
"घरात कुणाला म्हाईत न्हाई."

निळी काढली. लाल अडून बसली,
पासवर्ड मागू लागली.
अण्णांनी तो एका बोटानं भरला,
दुसरा तळहात आडवा धरून.
मी छताचे पत्रे मोजले.

यंत्र पुन्हा चालू होईस्तोवर खाली नजर गेली.
रव्यांभोवती मुंग्यांसाठी खडूची रेघ,
जाड, आजच ओढलेली.
बाहेर एकही मुंगी नव्हती.
होत्या त्या आत, वीस-पंचवीस,
रेघेपर्यंत यायच्या
आणि तोंड फिरवून परत जायच्या.

पान तरीही पांढरंच.

मग सापडलं, सेटिंगच्या पार तळाशी,
प्रॉक्सीच्या चौकटीत:
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
ढाल गेली होती, पत्ता मागे ठेवून.

"कुणाचा ह्यो?" अण्णा दचकले. "त्या फोनवाल्याचा?"

"तुमचाच. याच यंत्राचा.
बाहेरचा रस्ता हे स्वतःलाच विचारतंय,
आणि उत्तराची वाट बघत बसलंय."

खूण काढली. एक टिचकी, बस्स.

आधी बाळ उघडलं. हुबळीतली कुठलीशी गच्ची,
बोळकं तोंड, एका पायात मोजा.
मग बँक. मग जीएसटी, मुदतीला दोन दिवस बाकी.

अण्णा हसले नाहीत. दाराकडे बघितलं.
"आता उघडं तर न्हाई न्हवं ऱ्हायलं?"

विंडोजची स्वतःची ढाल जागी केली,
एकच, आणि मधल्या खुणेवर ठेवली.
"फोनवर कुणी गोड बोललं तर मात्र
हिला काही कळणार नाही अण्णा."

"ते मलाच कळाय पायजे," म्हणाले,
आणि साडेतीनशे मोजले. पुन्हा मोजले.
वर रेघेच्या आतला एक रवा फोडून
कागदात खडा बांधून दिला.

ताराराणी चौकात सिग्नल लागला.
पुडीवर एक मुंगी.
सुटेपर्यंत ती माझ्या मनगटावर आली,
घड्याळाला वळसा घालून
कोपराकडे निघाली.