अठ्ठावीस अंश

कौतिकबाई शेजूळ अंबडच्या एसटीनं जालन्याला आल्या,
मांडीवर स्टीलचा डबा,
झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.
आत तुतीचा सुकलेला पाला
आणि नऊ किडे,
अंगावर मिरे कुटून भुरभुरल्यासारखे ठिपके.
"पाचव्या वयात खाणंच सोडलं बगा.
चंद्रिकेवर चढलेच नाईत."

एक किडा मी खलात कुटला,
थेंबभर काचेवर घेतला.
भिंगाखाली ओल्या तांदळासारखे
चकाकणारे बीजाणू.

प्रत्येकाच्या पोटात गुंडाळलेला धागा.
वेळ आली की झटक्यात सुटतो,
शेजारच्या पेशीत सुईसारखा शिरतो
आणि त्या पोकळ धाग्यातून आतला जीव
दुसऱ्याच्या घरात उतरतो.
रेशीमकिड्याकडे हजार मीटर धागा.
त्याला मारणारा येतो
केसाच्या जाडीएवढ्या लांबीच्या धाग्यावरून.

मी त्याला सशात वाढवते.
म्हणजे, सशात नाही.
सशाच्या मूत्रपिंडातल्या पेशींत.
ससा कुठला, कधीचा, कुणाला ठाऊक;
तो मेल्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली.
पेशींना अजून कुणी सांगितलेलं नाही.
चपट्या बाटलीत, गुलाबी पाण्यात
दर तिसऱ्या दिवशी त्या नवी जागा मागतात.

"ससाला कामून लावायलाव?
त्यानं काय वाकडं केलं?"

किड्याच्या पोटात सतरा जंतूंची गर्दी, मी म्हटलं,
इथं हा एकटा असतो,
एकट्याला नीट बघता येतं.

"एकट्याला बगून काय कळतं वो,"
कौतिकबाई म्हणाल्या,
आणि रिकामा डबा मागितला.

पेशींना हवे सदतीस अंश,
सशाचं अंग त्यांना आठवत असावं.
परजीवीला सत्तावीस, फार तर अठ्ठावीस.
मी अठ्ठावीस लावते.
दोघंही जरा नाराज राहतात
आणि संसार चालतो.

एकोणीस आठवडे चालला.
मग मे महिन्यातल्या एका शनिवारी
एमआयडीसीकडचा ट्रान्सफॉर्मर उडाला.
इन्व्हर्टर तीन तास तगला.
सोमवारी दार उघडलं
तर पेटीच्या आतला पारा सदतिसावर.

पेशी कधी नव्हत्या इतक्या सुखात,
काठापर्यंत दाटलेल्या, नितळ.
त्यांच्या पोटात कुणीच नाही.
गुलाबी पाण्यात थोडी रिकामी टरफलं.

मी खुर्चीवर बसले.
ज्याला संपवायचं म्हणून पगार घेते
तो संपला म्हणून घशात आवंढा.
गफूरभाईंनी माठातलं पाणी आणून ठेवलं,
विचारलं काही नाही.

तिसऱ्या दिवशी फोन केला.
कसं विचारायचं ते दोनदा घोकून,
तरी तोंडातून निघालं ते असंच:
कौतिकबाई, आहे का हो अजून
तुमच्याकडे तो रोग?

पलीकडं पाला कापल्याचा आवाज थांबला.
"वंगाळ बोलू नका बाई.
शेड चुन्यानं धुतलं, अंडीपुंज नवे आणले.
दुधावानी पांढरे किडे हायेत औंदा,
रात्री खाताना पाऊस पडल्यावानी वाजतंय.
तुमाला द्यायला काईच नाई."

चांगलं झालं, मी म्हटलं. खरंच म्हटलं.

मग पेटीचा काटा पुन्हा अठ्ठावीसवर आणला,
सवयीनं,
आणि थोड्या वेळानं सदतिसावर नेला.
पेशी वाढत राहिल्या, कुणाचं ओझं नसलेल्या,
बाटली भरेपर्यंत.