सालाबादची फिटनेस

मे संपत आलेला, शाळेला सुट्टी.
कंपूतल्या रमजानी मिस्त्रीच्या टपरीपुढे
माझी व्हॅन विटांवर चढलीय.
चाकं काढली की ती अगदी घरगुती दिसते,
डोकं धुऊन उन्हात बसलेल्या बाईसारखी.

ऊन पंचेचाळीसचं. पान्याला हात लावायचा
तर आधी त्याच्यावर लोटाभर पाणी.
रमजानी म्हणतो, ‘देखो बाईसाब,
एक काम होता है पास होने का,
एक काम चलने का.
कौन-सा करूँ?’
दोन्हींचे दर वेगळे.

पास व्हायचं काम मला तोंडपाठ आहे.
मागे लाल पट्टी, पुढे पांढरी, कडेला पिवळी.
खिडकीचे आडवे गज. मलमपट्टीचा डबा,
त्यात एक न फोडलेलं बँडेज, चार वर्षांपासूनचं.
‘स्कूल वाहन’मधला ल उन्हानं खाल्ला होता,
तो मी स्वतः रंगवला. जरा मोठाच झाला.

आग विझवायचं लाल नळकांडं
नाकाड्यांच्या व्हॅनमधून आणायचं,
त्यांनी ते भदौरियाकडून आणलेलं असतं.
आमच्या स्टँडवर गाड्या तेवीस, नळकांडी चार.
हळदीकुंकवातल्या अत्तरदाणीसारखं ते फिरतं
या हातातून त्या हातात.
आगीनं तेवढं विचारून यावं.

हँडब्रेकचं मात्र तसं नाही.

फेब्रुवारीत, किल्ल्याखालच्या चढावर,
खासगीवाल्यांच्या निषादला उतरवायला मी खाली उतरले
आणि व्हॅन मागे सरकली.
एक वीत.
आतली दहा मुलं हसली, झोपाळ्यावर बसल्यासारखी.
मी चाकामागे दगड लावला,
निषादच्या खांद्यावर दप्तर चढवलं, त्याच्या आईला हात केला.
ती वीत मी कुणाला सांगितली नाही.
घरी नाही. स्टँडवर तर नाहीच.
चार महिने रोज तो दगड
माझ्या सीटखाली, रुमालात बांधून.

आज रमजानीला सांगितलं.
तो थोडा वेळ मागच्या ड्रमकडे बघत राहिला,
मग हँडब्रेकची जुनी तार ओढून काढली, कापली,
नाल्यात फेकली. दराचं काही बोलला नाही.

सीटा निघाल्या आणि खाली अख्खा वर्ग निघाला.
अर्धं खोडरबर, चिंचोके, एक मोजा,
‘मेरा प्रिय त्योहार’चं पहिलंच पान,
चावून चावून चपटी झालेली पेन्सिल,
आणि कागदाच्या पुडीत एक दुधाचा दात,
ज्याच्यासाठी जानेवारीत हजिऱ्यापासून घरापर्यंत
रडणं चाललं होतं.
झाडू बाजूला ठेवून मी तो
कागदपत्रांच्या पिशवीत सरकवला, विम्याच्या मागे.

आरटीओच्या रांगेत माझा नंबर सतरावा.
साहेब म्हणाले हॉर्न, मी वाजवला.
वायपर. कोरड्या काचेवर तो करकरला, पण फिरला.
डावा इंडिकेटर, उजवा. लाल नळकांडं.
त्याच्याकडे बघून ते हसले. ओळख जुनी असावी.
मीच म्हटलं, हँडब्रेक देखिए ना.
‘ठीक है, ठीक है,’ ते पुढच्या ऑटोकडे वळत म्हणाले.
मी तरी ओढून दाखवला.
कट् कट् कट् कट्.
कुणी बघत नव्हतं.

मग बाबूनं कागदाचा चिटोरा दिला,
‘चेसिस का छापा लाइए.’

पेन्सिल कुणाकडेच नव्हती. माझ्याकडे होती.
सीट उचलून मी वाकले, नंबरावर कागद धरला
आणि घासू लागले,
मुलं नाण्यावर कागद ठेवून घासतात तशी.
काळ्यातून पांढरे आकडे वर आले,
एकेक, घाई न करता.
शेवटचा सात उमटेना.
मी जोर दिला. पेन्सिलीच्या मागच्या टोकावरचे
कुणाचे तरी बारके दात
तळहाताला लागत राहिले.