पावणेसात दिनार

विचारलंस म्हणून सांगतो, तन्वीर,
नाहीतर मी कुणाला काही घे म्हणत नाही.

फहाहीलला, सोन्याच्या दुकानांमागच्या गल्लीत,
कुंजुमोनच्या काउंटरवर
मोठ्या कंपनीचे पंचाऐंशीला होते.
ते त्याने काचेतूनच दाखवले,
माझ्या बुटांकडे बघून.
मग खालच्या खणातून काढली ही पांढरी डबी :
पावणेसात दिनार.
सात दिवसांत परत, खोकं फाटलं नसेल तर.

माझा धंदा कानांचा.
लोकांना वाटतं एसीवाल्याचं काम हातांचं.
बेअरिंग जायला लागलं की
मीटरच्या आधी मला कळतं,
भातात खडा लागावा तसं.
अठरा वर्षं हे कान गच्च्यांवर भाजून
संध्याकाळी महबूलाला खोलीवर येतो,
तर खिडकीत हा दीड टनी,
रात्रभर गुळण्या करणारा.
मी स्वतः तीनदा उघडून बसवला.
दिव्याखाली अंधार म्हण.

बुधवारी रात्री लावले.
आधी वाटलं, लाईट गेली.
तसाच उठून बसलो,
हात वर केला :
गार वारा येत होता,
आवाजाशिवाय.
मेलेल्या माणसाने फुंकर घालावी तसा.

आता नीट ऐक, हे सगळं पुसत नाहीत.
एकसुरी असेल तेवढंच खातात :
एसी, एक्झॉस्ट,
तीस नंबरच्या रस्त्याचं घोंघावणं.
पडलेलं झाकण खात नाहीत,
टेक बहादूरची शिंक खात नाहीत,
आणि माणूस बोलला
तर उलट स्वच्छ ऐकू येतं,
ओट्यावरचं पीठ पुसल्यावर
मुंगी दिसावी तसं.

यादगिरी माझ्या वरच्या बंकवर, चार वर्षं झाली.
रात्री अडीचला पुटपुटतो.
मी समजत होतो, झोपेत बरळतो.
एकदा खालून लाथही घातली होती बंकाला.
त्या रात्री पहिल्यांदा शब्द ऐकले :
'ले बिड्डा, ले.'
ऊठ बाळा, ऊठ.
तिकडे करीमनगरला पाच वाजलेले असतात.
मुलगी आता दहावीला,
सहावीपासूनचा हा नेम.
ती उठून बसेपर्यंत हाका मारतो,
मग फोन कानाशी धरून
पानं उलटल्याचा आवाज ऐकत पडून राहतो.
लाथ त्याला आठवत असणार.
कधी बोलला नाही.

आणि संजीवनीने चौथ्या दिवशी विचारलं,
'कुठे आहात? मागची घरघर नाही आज.'
म्हटलं, खोलीवरच.
तिला पटेना.
शेवटी इअरफोन डबीत घातले,
फोन एसीसमोर धरला.
'हां,' म्हणाली, 'आता आलात.'

तर घ्यायचे का?
बॅटरी साडेचार तास.
खोक्यावर आठ लिहिलंय,
पण खोक्याचं काय घेऊन बसलास,
माझ्या कॉन्ट्रॅक्टवरही बरंच लिहिलं होतं.
उजवा कूस बदलली की निसटतो.
गच्चीवर कधी लावू नकोस,
पंखा फिरतोय हे कळलं नाही तर बोट जाईल.
नुसत्या झोपेसाठी म्हणशील
तर पैसे वसूल.

मी मात्र अडीचला काढून ठेवतो.
ऐकू यावं म्हणून नाही,
येऊ नये म्हणून.
एसी परत गुळण्या करायला लागतो
आणि यादगिरी वर नुसता पुटपुटतो,
कुणालाही कळू नये इतपत.

आज सातवा दिवस.
खोकं अजून कोरं आहे,
कुंजुमोन दहापर्यंत असतो.
नाहीतर असं कर,
तूच घे माझ्याकडून, पाचला देतो.
उजवा जरा सैल आहे,
ते सांगितलंच.